काचेतल्या पाच कोळंब्या

कवळीताईंच्या दुकानातून नवे दात घेऊन जायचे तर आधी त्यांच्यासमोर खाऊन दाखवावं लागे. टेबलावर बरणीत कडक टोस्ट असत आणि शेजारी कापलेलं सफरचंद. गिऱ्हाइकाने कवळी बसवली, आरशात पाहिलं, दोनदा हसून घेतलं, की ताई बरणी पुढे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "चावा." बहुतेकांना लाज वाटायची. घरी जाऊन खातो म्हणायचे. "घरी गेल्यावर मला कसं दिसणार? इथेच चावा. आधी डावीकडून." एक निवृत्त न्यायाधीश होते, त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना हुकूम सोडले होते. त्यांनीही टोस्ट खाल्ला, डावीकडून आणि मग उजवीकडून, आणि शर्टावरचे कण झटकत विचारलं, "आता जाऊ का?"

कुठे टोचलं तर ताई कवळी काढून घेत, कानशीने घासत, पुन्हा बसवत आणि पुन्हा टोस्ट देत. माणूस टोस्टने पोट भरून जायचा, पण दात बसलेले असायचे. पुढे कधीही सैल झाली, टोचली, तर दुरुस्ती फुकट. माणूस खाऊन दाखवेपर्यंत ती कवळी नाही, नुसतं गुलाबी प्लास्टिक आहे, असं त्या म्हणायच्या, आणि या बाबतीत त्यांनी कुणाचं काही ऐकून घेतलं नाही. तशा त्या कुठल्याच बाबतीत फारसं ऐकून घेत नसत.

त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवरही नव्हतं. पाटीवर होतं 'कवळ्या करून मिळतील', आणि लोकांनी त्यातून ताईंचं नाव पाडलं. त्यांची आई एका दातांच्या डॉक्टरांकडे झाडूपोछा करायची. मागच्या खोलीत एक खडूस कारागीर बसायचा. तो लोकांच्या तोंडाची मापं घ्यायचा, त्यात प्लास्टर ओतायचा, मेणात दात लावायचा आणि दिवसभर शिव्या द्यायचा. लहानगी ताई त्याला वाट्या धुऊन द्यायची. मग प्लास्टर कालवून द्यायला लागली. मग एके दिवशी त्याचा हात थरथरायला लागला तेव्हा त्याने मेण कापायची सुरी तिच्या हातात दिली आणि शिव्या तेवढ्या स्वतःकडे ठेवल्या.

ताईंचं लग्नही झालं होतं. ते मोडलं कसं, हे त्या कुणी विचारलं तर लपवत नसत. एकदा दोन जबडे घाईचे होते म्हणून त्या घरी घेऊन आल्या आणि पाण्याच्या भांड्यात घालून ओट्यावर ठेवले. सासूबाईंनी झाकण उचललं. त्यांनी जी किंकाळी फोडली, तिने खालच्या मजल्यावरची माणसं वर आली. नवरा म्हणाला, या घरात एक तर हे दात राहतील नाहीतर मी. ताईंनी जरा विचार केला. दात सोमवारी द्यायचे होते. त्या भांडं हातात घेऊन निघाल्या ते थेट धाकट्या भावाच्या दारात, आणि सोमवारी गिऱ्हाइकाने टोस्ट खाल्ला.

पुढे बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांनी एक खोली भाड्याने घेतली. पुढे दुकान, पडद्यामागे काम, आणि त्याच्याही मागे एक खाट आणि शेगडी. त्या खोलीत त्या म्हाताऱ्या झाल्या. त्यांना त्याचं काही वाईट वाटलं नाही. माणसाला स्वतःचं दार असावं, ते आतून लावता यावं आणि बाहेरून उघडता यावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

मग यंत्र आलं. डॉक्टर तोंडात एक दांडी फिरवायचे, पडद्यावर जबडा दिसायचा, आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या कंपनीच्या पेटीतून दात हजर. ताईंनी त्यातली एक कवळी हातात घेऊन उलटसुलट बघितली. काम चांगलं होतं. त्यांनी ते कबूल केलं आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. डॉक्टरांकडून येणारी कामं आटली. उरली ती जुनी गिऱ्हाइकं, फुकटच्या दुरुस्तीसाठी येणारी. ती म्हातारी होती, आणि एकेक करून कमी होत होती.

खोलीची भाडेपावती भावाच्या नावावर होती. त्याचं मन वाईट नव्हतं. तो पाणीखात्यात कारकून होता, जपून चालणारा, पाऊस नसताना छत्री नेणारा माणूस. तो दर रविवारी यायचा आणि खाटेवर बसून एकच गाणं गायचा. "ताई, पुरे आता. आमच्याकडे चल. मागची खोली रिकामीच आहे. तुझा वेळ जाईल, हिला मदत होईल."

"मला वेळ घालवायचा नाहीये," ताई म्हणायच्या.

शेवटी एका रविवारी त्याने तारीखच घातली. महिनाअखेर खोलीची चावी परत. ताई गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या याचा अर्थ त्यांनी मान्य केलं, असं भावाने धरलं. जन्मभर बहिणीला ओळखून त्याने ही चूक कशी केली, देव जाणे.

त्याच महिन्यात मोठ्या रस्त्यावर जपानी हॉटेल निघालं. मालक आधी बाथरूमच्या टाइल्स विकायचा. जपानला तो कधी गेला नव्हता, पण लोक त्याला आठवड्याभरात 'जपानी' म्हणायला लागले आणि तोही ओ द्यायला लागला. आचारी मात्र त्याने खरा आणला होता, तिकडे वर्षानुवर्षं काम केलेला. अडचण वेगळीच होती. मेनूवरची नावं कुणाला वाचता येईनात, आणि वाचता आली तरी त्या नावाखाली काय येणार ते कळेना. आचाऱ्याने सांगितलं, तिकडे दाराशी काचेचं कपाट असतं. त्यात प्रत्येक ताट हुबेहूब करून ठेवतात, खोटं, पण खऱ्यासारखं. गिऱ्हाईक काचेवर बोट ठेवतं आणि आत येऊन तेच खातं. मालकाने तशी ताटं बाहेरून मागवली. पेटी उघडली तर निम्म्या कोळंब्यांची डोकी एकीकडे आणि शेपट्या दुसरीकडे.

तेव्हा कुणीतरी त्याला सांगितलं की मागच्या गल्लीत एक बाई खोटे दात करते.

ताईंनी आयुष्यात असलं काही केलं नव्हतं, पण नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात फक्त भावापुरतं होतं. "मला खरं ताट आणून द्या," त्या म्हणाल्या. "चित्रावरून मी दात करत नाही, जेवणही करणार नाही."

आचाऱ्याने एकेक ताट पाठवलं. सुशीचे तुकडे, नूडल्सचा वाडगा, आणि टेम्पुराचा वाडगा, म्हणजे खाली भात आणि त्यावर पिठात बुडवून तळलेल्या लांबलचक पाच कोळंब्या, हाताच्या बोटांसारख्या उभ्या टेकवलेल्या. ताईंनी तोंडाचं माप घ्यायची पावडर पाण्यात कालवली, ती घट्ट व्हायच्या आत एकेक कोळंबी तीत दाबली, साचा काढला आणि त्यात रंगवलेलं मेण आणि प्लास्टिक ओतलं. कोळंब्या उठल्या, पण वरचा कुरकुरीत पापुद्रा काही केल्या जमेना. दोन दिवस त्या दातओठ खात होत्या. तिसऱ्या दिवशी वितळलेलं मेण चुकून गार पाण्याच्या बादलीत सांडलं आणि पसरून त्याचे पातळ, वेडेवाकडे कपचे झाले. ताई बादलीकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी मुद्दाम सांडायला सुरुवात केली.

भाताचा घोटाळा वेगळा. शितांसाठी त्यांनी दातांचंच सामान वापरलं, दातांच्याच छटेचं. भावजय डबा द्यायला आली, तिने वाडग्यात डोकावून पाहिलं आणि दोन पावलं मागे सरली. "वन्सं, हा भात माझ्याकडे बघून हसतोय."

ताईंनी निरखून बघितलं. हसत होता खरा. सगळी शितं उपटून त्यांनी भात नव्याने केला.

काच लागली त्या संध्याकाळी रस्त्यावर माणसं थबकत होती. पोरं नाकं चिकटवून उभी होती. एका बाईने खरंच विचारलं की हे अन्न रोज टाकून देता का. मालक ताईंना म्हणाला, "नदीपलीकडे दुसरी शाखा काढतोय. तिथली काच तुमचीच. यापेक्षा दुप्पट मोठी. आणि मग तिसरी."

भावाला ताईंनी हे सांगितलं तेव्हा त्याने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाला, "दुसरी शाखा पक्की झाली तर ठेव खोली. नाहीतर महिनाअखेर." त्याच्या दृष्टीने हा मोठेपणा होता.

एक गोष्ट मात्र ताईंच्या मनात सलत होती. आपण केलेली वस्तू कुणी खाताना त्यांनी पाहिली नव्हती. म्हणजे प्लास्टिक नव्हे, त्याचं खरं जेवण. त्यांच्या हिशेबाने ते काम अर्धवट होतं. मालकाने उद्घाटनाला बोलावतो म्हटलं होतं, गडबडीत राहून गेलं. मग एके सकाळी निवृत्त पोस्टमास्तर आले. त्यांची कवळी ताईंनीच केलेली, पंधरा वर्षांची. ती काही टोचत नव्हती. ते नुसते खुर्चीत बसले आणि टोपी मांडीवर ठेवली.

"तुमच्या काचेकडे बघून जेवायला गेलो होतो नातीला घेऊन," ते म्हणाले. "चव उत्तम. पण काचेत पाच कोळंब्या, आणि वाडग्यात तीन. नात म्हणाली, आजोबा, दोन कुठे गेल्या?"

"त्या दिवशी संपल्या असतील."

"असतील," पोस्टमास्तर म्हणाले. "मी काही बोललो नाही. तुमचं काम आहे म्हटल्यावर मी आपला विश्वासाने गेलो होतो, एवढंच."

टोपी डोक्यावर ठेवून ते गेले. ताईंच्या डोक्यात मात्र ते वाक्य दिवसभर घण घालत राहिलं. तुमचं काम आहे म्हटल्यावर. त्यांना संताप आला, आधी पोस्टमास्तरांचा आणि मग जरा वेळाने स्वतःचा. त्यांनी भावाला निरोप पाठवला, शनिवारी तुम्हा दोघांना जपानी हॉटेलात जेवण, माझ्याकडून.

शनिवारी भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आला. रस्ताभर तो बजावत होता. "मालक भेटेल, तेव्हा गोड बोल. दुसऱ्या शाखेचं आजच पक्कं करून टाक. तुझं ते तोंडावर बोलणं आजच्या दिवस घरी ठेव."

"घराला कुलूप आहे," ताई म्हणाल्या.

मालक दारातच भेटला आणि जुन्या नातेवाइकासारखा हसला. कोपऱ्यातलं चांगलं टेबल दिलं. "कवळीताई, आज तुम्ही पाहुण्या. जेवण झालं की बसू, नदीपलीकडचं सगळं आजच ठरवून टाकू." भावाचा जीव भांड्यात पडला. त्याने टेबलाखाली बायकोचा हात दाबला.

काम करणारी मुलगी गरम ओले रुमाल घेऊन आली. भावाने त्या रुमालाने आधी चष्मा पुसला, मग मान. भावजयीने जेवायच्या काड्यांतली एकेक काडी एकेका हातात धरली आणि दोन्हीकडून हवेत काहीतरी चिमटून बघितलं. मेनू कुणालाच वाचता आला नाही. मुलगी हसून म्हणाली, "बाहेर चला, काचेत दाखवा." सगळ्यांना ती असंच सांगत होती. ताई बाहेर गेल्या, आपल्याच हाताने केलेल्या वाडग्यासमोर उभ्या राहिल्या आणि काचेवर बोट ठेवलं. "हे. तीन आण."

वाडगे आले. भातावर तीन कोळंब्या होत्या, आणि त्या उभ्या नव्हत्या, आडव्या पसरून ठेवल्या होत्या, म्हणजे जागा भरल्यासारखी दिसावी.

ताई बघत राहिल्या. भाऊही बघत राहिला, पण तो बहिणीकडे. आणि मग भावजय, जिला कुणी काही सांगितलं नव्हतं, ती सहज म्हणाली, "वन्सं, काचेत तर पाच होत्या ना?"

भावाने टेबलाखालून बायकोला पाय मारला. तो ताईंना लागला.

"मारू नकोस," ताई म्हणाल्या. "मी मोजल्यात." त्यांनी मुलीला बोलावलं. "बाळ, आज कोळंबी कमी पडली का?"

मुलगी गोंधळली. "नाही आजी. पहिल्या आठवड्यानंतर तीनच असतात."

"ताई, गिळ आता," भाऊ कुजबुजला. "गिळ आणि गप्प बस. तुझी खोली यावर टिकून आहे."

आता इथे ताईंना भीती वाटली नाही असं म्हणणं खोटं होईल. त्यांना खोली डोळ्यांसमोर दिसली. पडदा, खाट, प्लास्टरने पांढरी झालेली फरशी. भावाच्या घरची मागची खोलीही दिसली, जिला आतून कडी नव्हती. वाडगा पुढे ओढावा, खावं, मालकाशी गोड बोलावं आणि नदीपलीकडे पंचवीस वाडगे करून ठेवावेत. वाईट कुणाचं होणार होतं? दोन कोळंब्यांनी कुणी मरत नाही. त्यांनी एक कोळंबी काड्यांनी उचलली, ती पडली, मग हाताने उचलली आणि खाल्ली.

फार चांगली होती. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ, गोडसर. आचारी खरा होता. आणि याच गोष्टीने ताईंचं डोकं फिरलं. इतकं चांगलं जेवण, आणि त्याच्यापुढे दारात खोटं उभं करून ठेवलंय. आणि ते खोटं उभं करायला हात कुणाचे वापरले, तर माझे.

त्यांनी मालकाला हाक मारली. मालक हसत आला.

"मालक, काचेत पाच आहेत."

त्याला लगेच कळलं. हसू तसंच ठेवून तो खाली वाकला. "अहो ताई, कोळंबीचे भाव कुठे गेलेत बघा. सुरुवातीला पाच दिल्या, परवडेना. आणि काचेतलं काय, ती शोभा असते. सगळीकडे असंच असतं. लोकांना कळतं."

"शोभा हवी होती तर फुलं ठेवायची. लोकांना वाचता येत नाही म्हणून काच केली ना? लोक बोट दाखवतात आणि म्हणतात, हे द्या. मग हेच द्या."

"पाच देता येत नाहीत."

"नका देऊ. तीन द्या. तीनही चांगल्या आहेत. मग काचेत तीन ठेवा."

मालकाने आजूबाजूला बघितलं. शेजारच्या टेबलावरची माणसं खायची थांबली होती. "ते नंतर बघू. आधी नदीपलीकडचं बोलू. तिथेही असाच वाडगा लागेल. पाचचाच. त्यानेच माणसं आत येतात हो, तुमच्या हाताची करामत आहे ती."

कौतुक करूनच त्याने काडी लावली. ताई उठल्या. भावाने त्यांच्या पदराचं टोक धरलं आणि लहानपणी धरायचा तसा तो धरून ठेवला, पण ताई चालायला लागल्या तशी त्याला सोडावं लागलं, नाहीतर वाडगेही बरोबर गेले असते. त्या दारापाशी गेल्या, काचेच्या कपाटाचं मागचं दार सरकवलं आणि टेम्पुराचा वाडगा बाहेर काढला. तो घेऊन हॉटेलच्या मधोमध आल्या आणि आपल्या टेबलावर, खऱ्या वाडग्याशेजारी ठेवला.

"ताई, ती वस्तू माझी आहे," मालक म्हणाला. आता तो हसत नव्हता. "मी पैसे देऊन घेतलीय."

"तुमचीच आहे," ताई म्हणाल्या. "दातही गिऱ्हाइकाचेच असतात. पण बसत नसतील तर घासून देणं माझं काम. त्याचे पैसे मी घेत नाही."

रस्त्यात कुणाला कवळी टोचली तर लोक ताईंना तिथेच गाठत, म्हणून पर्समध्ये कानस आणि पातळ सुरी कायम असायची. त्यांनी सुरी काढली. कोळंब्या भातात कुठे चिकटवल्या आहेत ते त्यांना डोळे मिटूनही सांगता आलं असतं. कडेच्या कोळंबीखाली त्यांनी सुरीचं टोक घातलं आणि थांबल्या.

हे त्यांचं सगळ्यात चांगलं काम होतं. आयुष्यभर त्यांनी जे केलं ते लोकांच्या तोंडात गेलं, आणि चांगलं झालं म्हणजे कुणाच्या लक्षातही येऊ नये असंच ते असायचं. हा एकच वाडगा असा होता की ज्याच्यासमोर माणसं रस्त्यात उभी राहिली. त्यांना वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं की त्यांनी कोळंब्यांवरून एकदा अंगठा फिरवला, आणि ते भावाने पाहिलं.

मग त्यांनी सुरी फिरवली. टक् आवाज झाला आणि कोळंबी सुटली. मग दुसरी. पापुद्र्याचे कपचे टेबलावर सांडले. भातात दोन खळगे राहिले, दात काढल्यावर हिरडीत राहतात तसे. उरलेल्या तीन ताईंनी बोटाने जरा चाचपून बघितल्या. पक्क्या होत्या.

"अहो, हे काय केलंत," मालक म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "आता हा काचेत कसा ठेवू? लोक काय म्हणतील?"

"तीन आहेत, असं म्हणतील."

शेजारच्या टेबलावरून कुणीतरी खुदकन हसलं. मालक लाल झाला. "नदीपलीकडचं काम विसरा. तिसऱ्या शाखेचंही विसरा. या शहरात कुठल्याही हॉटेलात तुम्हाला काम मिळणार नाही, हे मी बघतो."

"बघा," ताई म्हणाल्या. त्यांनी वाडगा उचलला, काचेत नेऊन होता तिथे ठेवला आणि दिवा नीट त्यावर पडतोय का ते बाहेर जाऊन बघून आल्या. दोन खळगे स्वच्छ दिसत होते. आत येऊन त्या खुर्चीवर बसल्या. भात निवत चालला होता. त्यांनी काड्या बाजूला ठेवल्या, चमचा मागितला आणि खायला लागल्या. भूक लागली होती.

भाऊ मान खाली घालून बसला होता. शर्टाची इस्त्री कुठच्या कुठे गेली होती. "झालं समाधान?" तो हळूच म्हणाला. "आता महिनाअखेर मी काय सांगू खोलीमालकाला?"

 भावजयीने आपल्या वाडग्यातली एक कोळंबी उचलली आणि ताईंच्या भातावर ठेवली. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. तिने पाहिलं नाही.

मालक गेला नव्हता. तो अजून टेबलापाशीच उभा होता, कारण काढलेल्या दोन कोळंब्या ताईंच्या वाडग्याशेजारी पडल्या होत्या आणि त्याला त्या तशा सोडवत नव्हत्या. त्याने हात पुढे केला. "त्या द्या इकडे. त्या माझ्या आहेत."

"घ्या." ताईंनी दोन्ही उचलून रुमालाने पुसल्या आणि त्याच्या तळहातावर ठेवल्या. "जपून ठेवा. ज्या दिवशी वाडग्यात पाच घालाल, त्या दिवशी घेऊन या. चिकटवून देईन. दुरुस्ती फुकट."

"आणि तोवर तुमचं दुकान राहणार आहे का?" मालकाने विचारलं. गावगप्पा त्याच्याही कानावर होत्या.

ताईंनी घास गिळला. उत्तर त्याला दिलं, पण बघत होत्या त्या भावाकडे, सरळ, आणि सगळ्या टेबलांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"सकाळी नऊला उघडतं. मी मरेपर्यंत उघडेल. मधे कुणी चावी मागायला आलंच, तर त्याला मी आधी टोस्ट खायला लावीन."

भावाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग बायकोकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि त्या उघड्या तोंडात भाताचा घास घातला.